दोष कार्डाचाच

गेले तीन आठवडे प्रणव एकाच गोष्टीसाठी देव पाण्यात घालून बसला होता. दोष ग्राफिक्स कार्डाचाच निघावा. नवीन घ्यावं लागलं तरी चालेल, घरात बोलणी खावी लागली तरी चालेल, पण दोष कार्डाचाच निघावा.

आता हे कार्ड काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. देवासच्या त्याच्या घरात मागच्या खोलीत एक टेबल आहे. टेबलाला मोटारीचं स्टिअरिंग घट्ट आवळून बसवलंय, खाली तीन पेडल आहेत आणि खुंटीला व्हीआरचा चष्मा लटकतो, चांगला पाणबुड्याच्या मुखवट्याएवढा. तो डोळ्यांवर चढवला की खोली नाहीशी होते आणि माणूस थेट शर्यतीच्या गाडीत जाऊन बसतो. मान वळवावी तसं चित्र वळतं. हे चित्र क्षणोक्षणी काढायचं काम कॉम्प्युटरच्या पोटातलं कार्ड करतं. कार्ड जुनं असलं, त्याची मेमरी भरली, की ते धापा टाकायला लागतं. मग चित्र अडखळतं, खेळणाऱ्याच्या पोटात ढवळतं, आणि कधी एखादं झाड किंवा गाडी हवेतून उगवावी तशी अचानक समोर येते. हा अनुभव या खेळातल्या सगळ्यांनाच असतो.

प्रणव औषध कंपनीचा एमआर. आठवडाभर स्वतःची गाडी हाणत सोनकच्छ, बागली, कन्नौद इथले दवाखाने पालथे घालायचे आणि रविवारी दुपारी हौस म्हणून पुन्हा गाडीच चालवायची, असा त्याचा शिरस्ता. “हलवाई सुट्टीच्या दिवशी घरी जिलब्या तळतो तसं चाललंय तुमचं,” असं त्याची बायको देवश्री म्हणायची. तो हसायचा आणि चष्मा चढवायचा.

तर तीन आठवड्यांपूर्वी अशाच एका रविवारी, इंदूर-भोपाळकडच्या मंडळींबरोबर ऑनलाइन शर्यत चालू असताना, डावीकडून एक गाडी हवेतून उगवली आणि प्रणवनं तिला धडक देऊन ती सरळ कठड्यावर नेऊन घातली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. “भिया, अंधे हो क्या?” असं कुणीतरी कानात ओरडलं. प्रणवनं सगळ्यांची माफी मागितली आणि सांगितलं, कार्ड जुनं आहे, आठच जीबीचं आहे, चित्र उशिरा येतं. मंडळींनाही ते पटलं. जो तो आपापल्या कार्डाचं रडगाणं गायला लागला आणि विषय मिटला.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मात्र तो चिऊला शाळेत सोडायला निघाला होता. चिऊ त्याची सात वर्षांची मुलगी, मागच्या सीटवर बसून पाढे म्हणत होती. वळणावर डावीकडून एक दूधवाला मोटारसायकलसकट हवेतून उगवला. प्रणवनं ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. दूधवाल्याच्या कॅनला बंपर चाटून गेला, चिऊचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि टेंगूळ आलं. दूधवाल्यानं अस्सल माळवीत प्रणवचं सात पिढ्यांचं कूळ उद्धारलं. देवासच्या रस्त्यावर कुठलंही कार्ड बसवलेलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि कळलं तसं त्यानं ते झटकूनही टाकलं.

देवश्रीला त्यानं सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

त्या दिवसापासून त्याला कार्डाचं जे वेड लागलं, ते विचारू नका. बारा जीबी की सोळा? व्हीआरला सेकंदाला नव्वद चित्रं लागतात, ती नक्की कुठलं कार्ड देतं? एवढं मोठं कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला झेपेल का, की तोही बदलायचा? जेवताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. डॉक्टरच्या केबिनबाहेर वाट बघताना तेच. इंदूरच्या दुकानदाराला त्यानं इतके फोन केले, की तो बिचारा आवाज ओळखून “सर, स्टॉकमध्ये आहे” एवढंच म्हणायचा. देवश्रीला वाटलं, नवऱ्याच्या डोक्यात खेळण्याचं खूळ शिरलंय. खूळ नव्हतंच ते. जोवर कार्ड निवडायचं बाकी होतं, तोवर दुसरा विचार करायची गरज नव्हती.

दुसरा विचार मात्र दाराशी ठाण मांडून होता. प्रणवचे वडील अण्णा, त्यांचे डोळे काचबिंदूनं गेले. शेवटच्या वर्षांत त्यांना ताटातला भात दिसायचा आणि ताटाशेजारची आमटीची वाटी दिसायची नाही. सगळे म्हणायचे, म्हातारा वेंधळा झालाय. आणि स्वतः प्रणवकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत कंपनीचा डोळ्यांच्या औषधांचाच विभाग होता. किती दवाखान्यांत त्यानं चकचकीत पत्रक उघडून पाठ म्हणून दाखवला असेल, “सर, या आजारात दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर जाते आणि पेशंटला पत्ताच लागत नाही.” त्या वाक्यानंतर तो थेंबांचं नाव घ्यायचा आणि पुढच्या डॉक्टरकडे जायचा. स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत, असं त्याला एकदाही सुचलं नाही.

शेवटी त्याला युक्ती सुचली. त्याचा मावसभाऊ पीयूष धारला राहतो, पिथमपूरच्या कारखान्यात कामाला आहे, आणि त्याच्याकडे सोळा जीबीचं नवंकोरं कार्ड आहे. तिथं जाऊन खेळून बघायचं. डावीकडची गाडी वेळेवर दिसली, तर दोष आपल्या कार्डाचा. नाही दिसली, तर... इथं प्रणव वाक्य सोडून द्यायचा. रविवारी धारला जाऊ, मावशीला भेटू, जेवून चिऊला मांडूचा किल्ला दाखवू, असं त्यानं घरात जाहीर केलं. चिऊनं घर डोक्यावर घेतलं.

देवास ते धार हा रस्ता त्यानं शेकडो वेळा कापला असेल, पण त्या सकाळसारखा कधीच नाही. पाच-पाच सेकंदांना तो मान डावीकडे वळवत होता. इंदूरच्या बायपासवर एक ट्रक डावीकडून एवढ्या मोठ्यानं भोंगा वाजवत गेला, की प्रणव सीटवरच उडाला. एवढा डोंगराएवढा ट्रक, कधी आला? देवश्री शेजारी बसून मावशीसाठी काय काय घेतलं ते मोजत होती. तिला काही कळलं नाही. प्रणवनं वेग कमी केला, तळहात पँटला पुसले आणि उरलेला सगळा रस्ता एका सिमेंटच्या टँकरच्या मागे मागे काढला.

“आज बैलगाडी का चालवताय?” देवश्रीनं विचारलं.

“चिऊ आहे ना मागे,” तो म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

धारला पोचल्यावर मावशीनं चिऊला स्वयंपाकघरात नेऊन तिच्यापुढे बेसनाचा लाडू ठेवला. पीयूष प्रणवला सरळ वरच्या खोलीत घेऊन गेला. “आठ जीबीमध्ये वीआर? दादा, मजाक थोडी आहे!” तो जिना चढतानाच सुरू झाला. “आता बघ माझं. एकदम मक्खन.”

खरंच मक्खन होतं. प्रणवनं चष्मा चढवला, तीच नेहमीची शर्यत लावली आणि पहिल्याच वळणावर त्याला हायसं वाटलं. चित्र कुठेही अडखळत नव्हतं. रस्त्यावरचे टायरचे वळसुद्धा दिसत होते. पुढची लाल गाडी स्वच्छ, उजवीकडची निळी स्वच्छ. कार्डच होतं तर! इतके दिवस उगाच जीव टांगणीला लावला. उद्याच इंदूरच्या त्या दुकानदाराला सांगायचं, बांध बाबा पार्सल. तो मोठ्यानं हसलासुद्धा.

“दादा, लेफ्टला गाडी आहे,” पीयूष मागून म्हणाला. चष्म्यातलं चित्र त्याला समोरच्या स्क्रीनवर दिसत होतं.

“कुठे?”

“अरे डावीकडे! दाबू नको, दाबू नको तिला!”

धाडकन आवाज झाला. स्टिअरिंगनं हाताला हिसका दिला. प्रणवनं मान वळवली, तर पांढरी गाडी, अगदी दाराला लागून, तिचा आरसा लोंबत होता.

“तुझंही कार्ड उशिरा काढतंय,” प्रणव चष्म्याच्या आतून म्हणाला. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा आवाज निघाला त्याचा.

“क्या बात करतोस दादा! दोन वळणांपासून तुझ्या बाजूलाच होती ती. मी बघून राहिलोय ना इथं.”

प्रणवनं चष्मा काढला नाही. आत त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, तेवढीच एक सोय होती. मानेवरून घाम खाली उतरत होता. मग त्यानं पीयूषला रिप्ले लावायला सांगितलं आणि धडकेच्या जरा आधी चित्र थांबवायला सांगितलं. पीयूषनं थांबवलं. प्रणव मान ताठ ठेवून नाकासमोर बघत राहिला. पुढे लाल गाडी. उजवीकडे निळी. डावीकडे काळं काही नव्हतं, धूसर काही नव्हतं. डावीकडे काही कमी आहे असं वाटतसुद्धा नव्हतं. त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची. अण्णांनाही असंच सगळं पुरेपूर दिसत असणार, वाटीशिवायचं ताट.

देवश्री चहा घेऊन वर आली. प्रणवनं चष्मा काढून तिच्यापुढे धरला. “जरा घाल बघू.”

“मला? मळमळेल हो.”

“चित्र थांबलेलं आहे. घाल.”

ती हसत हसत खुर्चीत बसली. पीयूषनं पट्टा आवळून दिला. “अगंबाई, खरंच की! मी गाडीत बसलेय!”

“मान हलवू नकोस,” प्रणव म्हणाला. “नाकासमोर बघ. आजूबाजूला किती गाड्या दिसतात?”

“एक लाल. एक निळी, ही इकडे उजव्या हाताला. आणि ही पांढरी, केवढी जवळ आलीय, माझ्या दारालाच चिकटलीय!”

“डावीकडे?”

“हो. का, तुम्हाला नाही दिसली?” तिनं थट्टेनं विचारलं.

पीयूषनं प्रणवकडे पाहिलं. देवश्रीनं हळूहळू चष्मा वर सरकवला. तिचे केस विस्कटले होते आणि चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

“तुम्हाला किती दिसल्या?”

‘तीन’ असं प्रणवच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खालून चिऊनं हाक मारली, “बाबा, मांडूला कधी निघायचं? मी पुढे बसणार हं, तुमच्या शेजारी!” मांडूच्या वाटेवरचा, नालछ्याच्या पुढचा तो वळणांचा रस्ता प्रणवच्या डोळ्यांपुढे आला. त्या रस्त्यावर शेजारची सीट म्हणजे डावी बाजू.

“दोन,” तो म्हणाला.

देवश्री त्याच्याकडे बघत राहिली. “त्या मंगळवारी कुत्रं नव्हतंच ना?”

“नव्हतं.”

“आणि त्यानंतर रोज तिला शाळेत नेत होतात.”

प्रणवनं मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पीयूष काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “दादा, चष्म्याची लेन्स पण असू शकते. कधी कधी घसटून जाते.” त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

देवश्री खुर्चीतून उठली. “चष्मा राहू दे बाजूला,” ती म्हणाली. “या स्टुलावर बसा. माझ्याकडे बघायचं नाही, समोर पीयूषकडे बघायचं. मी इथं बाजूला उभी राहते आणि हात वर करते. दिसला की सांगा.”

प्रणव बसला. आता मध्ये कार्ड नव्हतं, काच नव्हती. खिडकीतून भरदुपारचं लख्ख ऊन आत आलेलं होतं. एवढ्या उजेडात, आपल्या बायकोचा हात, हाताच्या अंतरावर. तो दिसणारच. न दिसायला काय झालं! त्यानं पीयूषच्या चेहऱ्यावर नजर रोवली आणि वाट बघायला लागला. हात दिसला की लगेच ओरडायचं, ‘दिसला’, मग सगळे हसतील, मग चहा प्यायचा.

पीयूष त्याच्या डोळ्यांत बघत नव्हता. तो प्रणवच्या डाव्या कानाशेजारी कुठेतरी बघत होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता.

“कर ना आता,” प्रणव म्हणाला. “कशाला उशीर लावतेस?”

“अहो,” देवश्री म्हणाली, “केव्हाचा वर आहे.”