घट्ट दारांचे खुराडे

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षापासून घरादारात मला सगळे खुराडेच म्हणतात, आणि शेजारची मुले तर 'कोंबड्यांचा बंगला' म्हणतात. मी रागावत नाही. रागवायला मला सवडच नाही. माझा सगळा दिवस काळजी करण्यात जातो.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जायची होती. तिच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्याने मला घडवले. नुसती माझी दोन दारे तो अठरा दिवस रंधत होता. दार लावायचा, फटीत पोस्टकार्ड घालून पाहायचा, आणि कार्ड आत शिरले की पुन्हा रंधा हातात घ्यायचा. अखेर कार्ड शिरेना. तेव्हा त्याने बिडी पेटवली आणि मला बैलगाडीत चढवण्याची परवानगी दिली.

पुढची पंचवीस वर्षे मी त्या मुलीच्या, म्हणजे आमच्या मालकीणबाईंच्या खोलीत मानाने उभा होतो. पाहुणे आले की त्या माझे दार उघडून लावून दाखवत. लावताना 'फुस्स' असा आवाज येई. आतली हवा बाहेर पडायला जागा शोधत असे. पाहुणे वाहवा करीत. लहानपणी कौतुक झालेल्या मुलासारखा मीही त्या एका गुणावर आयुष्यभर जगत राहिलो.

मग घरात भिंतभर पसरलेले, सरकत्या दारांचे नवे कपाट आले आणि माझी रवानगी मागच्या अंगणातल्या छपराखाली झाली. माझ्या पोटात मोडक्या छत्र्या आणि रंगाचे वाळलेले डबे आले. कोणी दार उघडीना. असो. वय झाले की प्रत्येकाच्या पोटात मोडक्या छत्र्या जमतातच.

आता मालकांविषयी सांगायला हवे. मालक विमा कंपनीत होते. कोणाचे दुकान जळाले की ते खरेच जळाले का, हे पाहायला ते जात. तीस वर्षे दुसऱ्यांची संकटे तपासल्यामुळे त्यांना स्वतःच्या घरात सगळीकडे संकटेच दिसत. मालकीणबाईंना लग्नापासून कोंबड्या पाळायच्या होत्या. दर वर्षी मालकांकडे नवे कारण असे: मांजर, साप, शेजारी, वास. ते निवृत्त झाले आणि त्यांची कारणेही संपली.

कोंबड्या कोणत्या जातीच्या घ्यायच्या, यावर घरात तीन माणसांची चार मते होती. मालकांनी वहीत रकाने आखले: वर्षाला अंडी किती, स्वभाव कसा, पळून जाण्याचा संभव किती. त्यांना सडपातळ पांढऱ्या कोंबड्या पसंत पडल्या. त्या जवळजवळ रोज अंडे देतात, पण पान पडले तरी दचकतात. बहुधा स्वभाव जुळला असावा. मालकीणबाईंना जड अंगाच्या तपकिरी हव्या होत्या. अंडी थोडी कमी, पण उचलले तर मांडीवर बसून राहतात. लेकीला डोक्यावर पिसांचा झुपका असलेल्या हव्या होत्या, कारण त्या फोटोत छान दिसतात.

अंडीवाल्या मावशींना सल्ला विचारला. गावाबाहेर त्यांच्या तीसेक कोंबड्या आहेत. त्या म्हणाल्या, पहिल्यांदा पाळताय तर एकच शांत जात घ्या, एका वयाच्या घ्या, आणि एक दिवसाची पिल्ले मुळीच नकोत. अंड्यावर यायच्या बेतातल्या, पाच महिन्यांच्या घ्या. आणि कोंबड्यांआधी घराचे बघा. तिघांनीही मान डोलावली आणि प्रत्येक जातीच्या दोन दोन घेतल्या.

घर म्हणून माझे नाव मालकीणबाईंनीच सुचवले. माझ्या पोटातल्या छत्र्या गेल्या. हँगरचा दांडा काढून खाली आडवा बसवला, तो कोंबड्यांचा पलंग झाला. खालच्या खणात भाताचे तूस पसरले. मालकांनी कागदावर रीतसर आकृतीही काढली होती: दोन्ही दारांना वरच्या बाजूला वीतभर खिडकी कापायची आणि तिला जाळी ठोकायची. त्यांनी करवत उचलली. मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. त्या नुसत्या माझ्या दाराकडे पाहत राहिल्या.

मालकांनी करवत खाली ठेवली. "तुझ्या वडिलांच्या हातचं आहे. कशाला भोकं पाडायची?"

"हो, राहू दे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, कबूल करतो, तेव्हा मला आनंद झाला.

दिवसभर कोंबड्या अंगणात असत. तिन्हीसांजेला त्या आपणहून माझ्यात शिरत आणि मालक दार लावत. फुस्स. सकाळी उजाडेपर्यंत मी बंद. शेजारपाजारचे येऊन माझे कौतुक करून गेले: मांजर सोडा, मुंगीसुद्धा शिरणार नाही. मालकांना एवढ्यानेही धीर येईना. त्यांनी किल्लीच्या भोकात कापसाचा बोळा घातला.

दुसऱ्या आठवड्यात मला घाम फुटू लागला. सहा जणींचा श्वास माझ्या आतल्या फळ्यांवर थेंब होऊन ओघळत होता. तुसातून डोळ्यांत झोंबणारा उग्र वास वर चढत होता, आणि त्याला जायला वाट नव्हती. मग एक पांढरी शिंकली.

मालकांनी निदान केले: गारठा. माझ्यावर घोंगडी आली. चार दिवसांनी तिघी शिंकू लागल्या, म्हणून दुसरी घोंगडी आली, आणि दारांच्या कडांना रबराची पट्टी. मी आतून फुटू पाहत होतो. एखादी तरी फट पडावी, एखादा सांधा सुटावा, म्हणून वाट पाहत होतो. पण ओलीने लाकूड फुगते, हे तुम्हाला माहीत असेल. माझी दारे आणखीच घट्ट बसली. ज्या गुणासाठी आयुष्यभर पाठ थोपटून घेतली, तो आता सहा जणींच्या नाकातोंडाशी आला होता, आणि बाहेर एक भला माणूस प्रेमाने तिसरी घोंगडी शोधत होता.

एका सकाळी ती पांढरी दांड्याखाली पडलेली मिळाली. लेक रडली. मालकांनी वहीत काहीतरी लिहिले आणि खोडले.

मग जाडीची पाळी आली. जाडी म्हणजे थोरली तपकिरी, मालकीणबाईंची लाडकी. तिच्या गळ्यातून उकळत्या किटलीसारखा आवाज येऊ लागला. ती चोच उघडी ठेवून श्वास घेई. मालकीणबाई तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसत आणि त्यांच्या हातातला चहा तसाच निवून जाई. अखेर मालक म्हणाले की आपल्याला हे जमणार नाही, उरलेल्या कोंबड्या मावशींना देऊन टाकू, निदान जगतील तरी. मालकीणबाईंनी नुसती मान डोलावली. तीस वर्षे वाट पाहिलेली गोष्ट पाच आठवड्यांत देऊन टाकायची होती. त्या वाद घालत्या, तर मला कमी वाईट वाटले असते.

मावशी टोपली घेऊन सकाळीच आल्या. मालक माझे दार उघडत होते तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. दार उघडताच कोंबड्या बाहेर आल्या आणि मालकीणबाईंनी जाडीला उचलून घेतले. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि टोपली खाली ठेवली.

"साहेब, जरा डोकं आत घाला."

मालक आयुष्यभर तपासणी करत आलेले. त्यांनी खांद्यापर्यंत डोके घातले. मावशींनी दुसरे दार ओढून धरले, उरलेली फट घोंगडीने झाकली आणि मोजायला सुरुवात केली. पन्नासपर्यंत मोजणार होत्या. अठराला मालकांनी आतून माझ्यावर थापा मारल्या. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि बोलता येत नव्हते.

"या बारा-बारा तास बसतात," मावशी म्हणाल्या. "गारठा नाही बाधत त्यांना, अंगावर पिसं आहेत की. हवा नाही इथे."

सगळ्यांना ठाऊक होते काय करायला हवे, आणि सगळे मालकीणबाईंकडे न पाहता उभे होते. त्यांनी जाडीला लेकीच्या हातात दिले, आत गेल्या आणि करवत घेऊन आल्या. मालक म्हणाले, मी करतो. त्यांनी ऐकले नाही.

"बाबांनी कपड्यांसाठी केलं होतं," त्या म्हणाल्या. "कपड्यांना श्वास लागत नाही."

त्यांना करवत धरता येत नव्हती. रेघ वाकडी गेली, दोनदा पाते अडकले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण फळीचा तुकडा खाली पडला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आतून वारा गेला. मी इतकी वर्षे कोंदलेला होतो, हे मला तेव्हा कळले.

दांड्याच्या बऱ्याच वर, दोन्ही दारांना एकेक वाकडी खिडकी आणि तिच्यावर जाळी. घोंगड्या वाळत पडल्या. तूस आता दर चार दिवसांनी बदलतात. मावशी रिकामी टोपली घेऊन परत गेल्या. चौघी आठवड्याभरात सुधारल्या. जाडीला महिना लागला, आणि तिचा श्वास अजून थोडा घरघरतो. मालकीणबाई येता-जाता थांबून तो ऐकतात.

मित्रांनो, कोंबड्या पाळायच्या असतील तर जात जरूर निवडा, वहीत रकानेही आखा. पण त्यांना ज्यात ठेवणार, त्यात आधी स्वतःचे डोके घालून पाहा. कोणालाही जपायचे असेल तर एवढे कराच. आणि आमच्यासारख्यांचे कौतुक बेताने करा. आम्हाला खरे वाटते.

आता संध्याकाळ होत आली आहे. पाचही जणी अंगणात शेवटचे चार दाणे टिपत आहेत. कुंपणावर एक मुंगूस येऊन बसले आहे आणि माझ्या खिडकीकडे पाहत आहे. डाव्या जाळीचा वरचा खिळा मला थोडा सैल वाटतो. मालकांचे अजून लक्ष गेलेले नाही. तुमच्यापैकी कोणी इकडून जाणार असेल, तर कृपा करून हातोडी घेऊन या.