अल्माइराचा आठवडा

सांगायचं नव्हतंच मला. या वयात माणसाला उन्हात खुर्ची टाकून गप्प बसू द्यावं, तर नाही. पाद्र्याची बायको, ती मिसेस व्हिटकोम, सफरचंदं भरून भाजलेला अ‍ॅपल पाय घेऊन ओसरीवर येते, सून हेटी तिच्यासाठी कॉफी टाकते, आणि मग दोघी मिळून माझ्या डोक्यावर बसतात. खोऱ्यातली जुनी शाळा बंद होणार, पोरं गाडीत बसून गावच्या मोठ्या शाळेत जाणार, म्हणून जुन्या शाळेच्या दारात एक दगड उभा करायचाय आणि त्यावर शिकून गेलेल्यांची नावं कोरायचीत. "तुमच्या बहिणीबद्दल सांगा ना थोडं," बाई म्हणाली. "अल्माइराबद्दल. अशी हुशार मुलगी या शाळेत पुन्हा झाली नाही म्हणतात."

मला बहीण नाही. कधी नव्हती. मी ऑरिन पेटेंगिल, आसाहेल आणि मर्सी पेटेंगिल यांचा एकुलता एक मुलगा. हे मी त्या बाईच्या तोंडावर सांगितलं, तर ती हेटीकडे बघून हसली. म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर लापशी सांडली की हसतात ना, तसं. तेव्हा आता ऐकाच.

माझ्या लहानपणी व्हरमाँटच्या या डोंगरांत शाळा म्हणजे एक खोली, मधोमध लोखंडी चूल, एका बाजूला मुलांची बाकं, दुसऱ्या बाजूला मुलींची. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की शाळा भरायची. मास्तरणीला राहायला घर नसायचं. ती ट्रंक घेऊन घरोघर फिरायची, आणि ज्या घरातून जितकी पोरं शाळेत, तितके आठवडे त्या घरानं तिला जेवूखाऊ घालायचं, अंथरूण द्यायचं. सरपणाचंही तेच, पोरामागे एक गाडी. ज्याच्या घरची गाडी आली नाही त्या पोरानं चुलीपासून लांब, दाराजवळ बसायचं, मग तिथं बोटं निळी होऊन गळून का पडेनात. यालाच लोक आता 'ते जुने चांगले दिवस' म्हणतात.

त्या हिवाळ्यात मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मास्तरीण नवी आली होती, मिस स्टॅनर्ड. किडमिडीत, फिक्या डोळ्यांची, आवाज कधी न चढवणारी. आमच्याकडचा तिचा आठवडा बरा गेला. ताटात पडेल ते खायची, आईला भांडी पुसू लागायची. शनिवारी सकाळी बापानं बर्फावरच्या घसरगाडीला घोडी जुंपली आणि बुटावरचं बर्फ झटकत आत आला.

"चला बाई, कुठाय ट्रंक? आता हॅस्किनांकडे मुक्काम. त्यांच्या घरचे बीन्स एकदा खाल्लेत की आमची आठवण काढून रडाल."

"हॅस्किनांकडे पुढच्या शनिवारी," बाई कप पुसता पुसता म्हणाली. "तुमच्याकडे दोन आठवडे आहेत ना."

बाप हसला. "एक पोर, एक आठवडा. आणि म्हणे तुम्ही आमच्या पोरांना बेरीज शिकवणार."

"ऑरिनचा आठवडा झाला. आता अल्माइराचा."

आई कणीक मळत होती. तिचे हात परातीत होते तिथंच थांबले. बाप तिच्याकडे वळला, आणि मला वाटलं आता हा टेबलावर मूठ आपटणार; पण त्यानं अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कुणाजवळ बोललीस?"

"कुणाजवळ नाही हो," आई म्हणाली. "देवाशप्पथ. तुमच्यामाझ्याशिवाय ते नाव कुणाला माहीत होतं?"

यातलं काही मला कुणी कधी समजावून सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सफरचंदाच्या बागेच्या वरच्या अंगाला जमिनीचा एक पाळण्याएवढा तुकडा होता, तिथं बाप नांगर घालत नसे. मला माहीत होतं ते इतकंच.

बाई राहिली. बापानं घोडी सोडून गोठ्यात नेली.

सोमवारी शाळेत मी पहिल्यांदा नीट बघितलं. मुलींच्या बाजूला चुलीजवळच्या बाकावर एका पोरीपुरती जागा मोकळी होती, आणि बाक गच्च भरलेलं असताना, एकमेकींच्या मांडीवर बसायची वेळ आलेली असताना, कुणी तिथं सरकत नव्हतं. वाचनाच्या वेळी बाई म्हणाली, "अल्माइरा, पुढचं पान." मग शांतता. वर्गातली सगळी पोरं पुस्तकावर बोट ठेवून ओळीमागून ओळ उतरत गेली, आणि सगळ्यांनी पान उलटलं ते एकाच क्षणी. मी ऐकलं ते फक्त चुलीत लाकूड तडकल्याचं.

"आता कसं गोड वाटलं कानाला," एबेन हॅस्किन माझ्या कानात म्हणाला. "नाहीतर तू. तू वाचतोस म्हणजे गाय दगडावरून घसरते."

"कोण वाचत होतं?"

"जळतोस काय रे बहिणीवर?"

मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. नाक त्याचं फुटलं, पट्टी माझ्या तळहातावर बसली. मला वाटत होतं, हे सगळे ठरवून माझी टर उडवताहेत आणि चार दिवसांत कंटाळतील.

ते कंटाळले नाहीत. आईनं लाल लोकरीचे हातमोजे विणायला घेतले, माझ्या हाताला दोन बोटं लहान होतील असे. बाप म्हणाला, "मर्सी, पुरे कर हा वेडेपणा." ती म्हणाली, "विणते आहे नुसतं. विणायलाही बंदी आहे काय या घरात?" मोजे तिनं दाराजवळच्या खुंटीला टांगले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ते चुलीवरच्या दोरीवर माझ्या मोज्यांशेजारी वाळत होते, आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं.

मग सरपणाची कटकट निघाली. बापानं एक गाडी पाठवली होती, आणि शाळेचे पंच स्प्रेग दुसरी मागायला घरी आले. हा माणूस चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा आणि बाहेर कुणाच्या दुखण्याला कधी उभा राहायचा नाही.

"दोन पोरं, दोन गाड्या, आसाहेल."

"मला एकच पोरगा आहे, स्प्रेग. तुम्हीच तर त्याच्या बारशाला येऊन दोनदा केक घेतला होतात."

"हुज्जत घालायची तर घाल. लाकूड एकाचं आलंय तर एकानं दाराशी बसायचं. आता तुझ्या मुलीला बसवू म्हणतोस थंडीत?"

दुसऱ्या दिवसापासून दाराशी मी बसलो. माझ्या बापानं तोडलेल्या लाकडाची ऊब त्या मोकळ्या जागेला लागत होती.

तरी मला शाळा सोडायची नव्हती, हे सांगून ठेवतो. फळ्याच्या वर देशाचा नकाशा टांगलेला होता, कडांना फाटलेला, त्यावर नद्या निळ्या रेघांनी काढलेल्या. दाराशी कुडकुडत बसून मी त्या रेघांवरून समुद्रापर्यंत जायचो. एक दिवस खरंच जाईन असं वाटायचं. त्यासाठी काय काय शिकावं लागतं ते ठाऊक नव्हतं, पण ते त्या खोलीत मिळतं एवढं ठाऊक होतं.

हिवाळा सरत आला तसं बापानं मला गोठ्यात गाठलं. "हे बघ ऑरिन, या लोकांशी भांडून काही होत नाही. मी त्यांना सांगून आलोय. पुढच्या हिवाळ्यात मला रानात एक हात लागणारच, दोघांना शाळेत पाठवणं जमायचं नाही. शाळेच्या वर्षाखेरीला पोरांची उत्तरं ऐकायचा जलसा होतो, त्यात जो जास्त चांगलं करील तो शाळेत राहील, दुसरा कुऱ्हाड धरील." आणि त्यानं डोळा मारला. "वाऱ्याशी शर्यत रे. तू नुसतं तोंड उघडलंस तरी जिंकशील. मग त्यांचं ते बुजगावणं त्यांनी घरी न्यावं."

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी बाप माझ्या बाजूनं बोलला होता.

जलशाच्या दिवशी सगळं खोरं शाळेत कोंबलं होतं. आई नव्या टोपीत, बाप तिच्या शेजारी, स्प्रेग पुढं पोट काढून. बाईनं नकाशा खाली ओढला आणि मला उभं केलं. उत्तरेकडून दक्षिणेकडे अटलांटिकला मिळणाऱ्या नद्या सांगायच्या होत्या, नकाशाकडे पाठ करून. मला झोपेत उठवून विचारल्या असत्या तरी आल्या असत्या. पेनॉब्स्कॉट, केनेबेक, मेरिमॅक, कनेटिकट, हडसन, डेलावेअर, पोटोमॅक, जेम्स, सॅव्हाना. बापानं गुडघ्यावर थाप मारली. एक नदी राहिली, हे मला जागेवर जाऊन बसल्यावर कळलं.

"अल्माइरा," बाई म्हणाली.

मी सगळ्यांची तोंडं बघत होतो, हसू फुटायची वाट बघत. कुणी हसलं नाही. त्यांचे डोळे नकाशाच्या वरच्या टोकाला लागले होते, आणि मग ती सगळी डोकी, म्हाताऱ्यांची, बायकांची, कडेवरच्या पोरांची, एकत्र हळूहळू खाली सरकू लागली. नदीशी थांबायची, पुन्हा सरकायची. कनेटिकट. हडसन. डेलावेअर. आणि पोटोमॅकच्या आधी ती पुन्हा थांबली, सस्क्वेहॅनाशी, जी मी विसरलो होतो. आई थांबली होती. आणि बापही थांबला होता, तोंड अर्धवट उघडं टाकून, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं.

मग टाळ्या झाल्या. तशा टाळ्या मी त्या खोलीत दुसऱ्या कुणासाठी ऐकल्या नाहीत.

परत येताना मी घसरगाडीत मागं बसलो होतो. "तिथं कुणी नव्हतं," मी ओरडलो. "बा, तू काय बघितलंस? तिथं कोण होतं?"

"हळू बोल," बाप म्हणाला. मागं वळूनही बघितलं नाही त्यानं. "तिला वाईट वाटेल."

"तू डोळा मारला होतास!"

"ठरलं होतं ते ठरलं, ऑरिन."

पुढच्या हिवाळ्यात मी कुऱ्हाड धरली आणि ती आयुष्यभर हातातून सुटली नाही. मिस स्टॅनर्ड गेली होती. तिच्या जागी एक लांबलचक मास्तर आला, आमच्या घराशी ओळख ना पाळख. तो आमच्याकडे एकच आठवडा राहिला. मी शाळेत जात नव्हतो. तो आठवडा कुणाचा होता, ते तुम्ही ठरवा. शनिवारी जाताना त्यानं बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मुलीला पुढं शिकवा, मिस्टर पेटेंगिल. घरात कोंडू नका."

शिकवलं त्यांनी. आई दर वर्षी एका झग्याचा काठ उसवून तो लांब करायची. दोन गाड्या लाकूड मी तोडायचो, एक घरच्या चुलीला, एक तिच्या नावानं शाळेला. पुढं कधीतरी ती पश्चिमेकडे मास्तरीण म्हणून जाणार असं ठरलं, आणि बाप रिकामी घसरगाडी घेऊन स्टेशनावर गेला व डोळे पुसत परत आला. ती नदी ओलांडून गेली असेल. सस्क्वेहॅना मी अजून बघितलेली नाही. बापानं मरताना माझा हात चाचपला, बोटांवरचे घट्टे त्याला लागले, आणि त्यानं हात सोडून दिला.

हे सगळं मी मिसेस व्हिटकोमला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, रुमालाची घडी केली.

"दगडावर माझं नाव घालणार का?" मी विचारलं.

"तुम्ही फार दिवस नव्हता ना हो शाळेत, आजोबा," ती म्हणाली. "आणि दगड लहान आहे."

मग तिनं तो अ‍ॅपल पाय कापला. एक तुकडा ताटलीत घालून माझ्या मांडीवर ठेवला, दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. हेटी आत जाऊन आणखी एक काटा घेऊन आली. पायरी उतरताना बाई माझ्याकडे बघून "येते मी" म्हणाली, आणि पुन्हा एकदा, जरा आदबीनं, शेजारच्या खुर्चीकडे बघून, "येते हं, बाई."

बाई गेली, हेटी आत गेली. ऊन ओसरीच्या कडेला आलंय, मी समोर बघून बसलोय. शेजारच्या खुर्चीकडे मी बघत नाही, तिथं बघण्यासारखं काही नाही. पण माझे कान अजून शाबूत आहेत. नद्या तू म्हणालीस त्या मला ऐकू आल्या नाहीत, पान वाचलंस तेही नाही. ही एक गोष्ट मात्र मला ऐकू येईल अशी मोठ्यानं म्हण. माफी माग माझी, अल्माइरा पेटेंगिल.