व्हॅन डावीकडेच का ओढते?

मैदानात दोनअडीचशे माणसं जमली होती. माझ्या भावजींनी व्हॅन सरळ सोडली आणि दोन्ही हात वर केले. स्टिअरिंगला कुणाचाही स्पर्श नसताना ती हळूहळू डावीकडे वळली, थेट बुवांच्या आसनासमोर आली, तेव्हा कुठे भावजींनी ब्रेक दाबला. गर्दीने हात जोडले.

"पाहिलंत?" बुवा गरजले. "मशीनचा हा कागद म्हणतो, गाडी ओके! मग ओढतंय कोण? घरातल्या बाईची सावली! तिला माहेरी धाडा, उद्या गाडी सुतासारखी सरळ चालेल."

घरातली बाई म्हणजे भावजींची बायको, माझी सख्खी ताई. सासूबाईंनी तिची बॅग भरून व्हॅनमध्ये ठेवलीसुद्धा होती. आणि तो कागद माझाच होता, माझ्या अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या दुकानातला. त्यावर 'ओके' मीच खरडलं होतं. माझं डोकं सणकलं.

"बुवा, गाडी उलट्या तोंडाने लावू का?"

"लाव की! शोधत येईल मला."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गाडी उलट्या तोंडाने लावली; आता बुवा तिच्या उजव्या हाताला आले. भावजींनी पुन्हा हात वर केले. व्हॅन पुन्हा डावीकडेच वळली आणि बुवांना पाठ दाखवून चालती झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सावली चिडलीय!" बुवा ओरडले.

"सावली नाही, मी चिडलोय," म्हणत मी कागद हिसकावला. "हा लाल आकडा बघा. डावं चाक वरच्या बाजूने बाहेर कललंय. या गाडीत हा आकडा जुळवायची सोयच नसते, म्हणून आम्ही मेकॅनिक त्याच्याकडे बघतही नाही. मी बाकीचे आकडे जुळवले आणि ओके लिहून मोकळा झालो. गाढवपणा माझा! जे जुळवता येत नाही तेच बिघडलं, तर काहीतरी वाकलेलं असणार, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही."

जॅक लावून पुढची दोन्ही चाकं काढली. चाकाला खालून धरून ठेवणारी लोखंडी भुजा असते. उजवीला पोलादी पट्टी लावली, ती सपाट बसली. डावीला लावली, तर मधल्या फटीत माझं बोट शिरलं. सगळ्यांना वाकून बघायला लावलं. सासूबाईंनाही.

"धडक बसल्याशिवाय हे वाकत नाही," मी म्हणालो. "कुठे आपटली होती?"

भावजी पुटपुटले, "दुभाजकावर चढली होती. महिना झाला. मोबाइल बघत होतो."

ताईने पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

बुवांचं आसन गुंडाळलं जात होतं, पण मला बुवांपेक्षा या भावजींचाच जास्त संताप आला. बुवा पोटासाठी खोटं बोलत होता. याने स्वतःची चूक झाकायला बायकोला घराबाहेर निघू दिलं असतं, आणि मी न बघता खरडलेल्या 'ओके'ने त्याला आयता पुरावा दिला होता.

ताईने व्हॅनमधली बॅग उचलली आणि सासूबाईंच्या हातात दिली. "तुम्ही भरलीत, तुम्हीच रिकामी करा."

गर्दी पांगायला लागली, तेव्हा मी ओरडून सांगितलं, तेच आता लिहितो. गाडी ओढत असेल, तर खाली वाकून चाकामागे बघा. घरातल्या बाईकडे बोट दाखवू नका.