हवेत ठेवलेला कोबाल्ट

पंचशीला ओसरीवर चपला काढू लागली आणि ज्ञानोबांना ते पत्र आठवलं. महिना झाला, त्याचं उत्तर तसंच राहिलं होतं. त्यांनी मांडीवरचं रसायनशास्त्राचं जाड पुस्तक मिटलं, पण बोट पानातच राहिलं.

"जय भीम, सर."

"जय भीम. ये, बस."

"तुझ्याबद्दलचं ते पत्र आल्यापासून पुस्तकंच काढायलेत," सावित्रीबाई आतून म्हणाल्या. "उद्या चहा पण पुस्तकात बघून पितील."

पत्र हुमनाबादजवळच्या औषधाच्या कारखान्यातलं, व्यवस्थापक शिवप्रसाद यांचं होतं. पंचशीलानं कोबाल्टचा उत्प्रेरक हवेत उघडा ठेवला, म्हणून बॅच फसली. तुम्ही तिचे कॉलेजातले गुरुजी. ही पद्धत तुम्हीच शिकवली असं दोन ओळींत कळवा, म्हणजे दोष शिकवणीवर घालून तिला ठेवून घेऊ. नाहीतर घरी पाठवावं लागेल.

"लिहून टाका की," सावित्रीबाई चहा ठेवत म्हणाल्या. "रिटायर माणसाचं काय जायलंय?"

"न्हाई काकू. सर, ते लिहू नका. चूक झालीच न्हाई."

"पण हे करायलात तरी काय गं?"

पंचशीलानं दारातल्या चपलांकडे बोट दाखवलं. "रेणू असे असतेत, काकू. एक डावा, एक उजवा. दोघांतबी तीन अणूंचं कडं. आमचा उत्प्रेरक पाण्याकडून डाव्याचंच कडं उघडून घेतोय. उजवा शाबूत राहतोय, औषध त्याचंच."

मग ती ज्ञानोबांकडे वळली.

"कोबाल्ट लाल असतोय तवर निजलेलाच, सर. ॲसेटिक ॲसिड घालून हवेत ढवळला, तपकिरी झाला, की कामाला लागतोय. थोडं करून बघितलं, नुसतं डावंच उघडलं. मोठ्या बॅचला शिवप्रसाद सर आले. तपकिरी बघून नासला म्हणले, ओतून दिला. लालच टाकून, हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली बंद केला. मग काय, काहीच उघडलं न्हाई. आळ माझ्यावर."

ज्ञानोबांनी बोट ठेवलेलं पान उघडलं. तिथं हेच छापलं होतं. महिनाभर ते हेच वाचत होते, आणि दर वेळी आपल्यालाच नीट कळलं नसेल असं वाटून पुढचं पुस्तक काढत होते.

"पण मी तर तुला हवेपासून झाकायला शिकवलं होतं," ते हळूच म्हणाले.

"व्हय. तुमचं ऐकलं न्हाई."

ती मान खाली घालेल असं त्यांना वाटलं. तिनं घातली नाही.

त्यांनी चष्मा पुसला, कागद पुढं ओढला आणि एकदाही न खोडता लिहिलं:

'ही पद्धत माझी नाही. मी झाकायला शिकवलं होतं. तिनं ऐकलं नाही, म्हणून तिचं बरोबर आलं. बॅच बंद ठेवल्यानं फसली. शंका असेल तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावा. मी येऊन उभा राहतो.'

सावित्रीबाईंनी वाचलं. "हे वाचून हिला ठेवतील व्हय?"

"न्हाई ठेवलं तर न्हाई," पंचशीला चहा संपवत म्हणाली. "चुकीवर माझं नाव नको."

दुबलगुंडीच्या पोस्टात खिडकीमागच्या माणिकप्पानं पाकीट तोललं. "साधं का रजिस्टर, सर?"

ज्ञानोबांचा आवाज कॉलेजात मागच्या बाकापर्यंत कधी पोचला नव्हता. आता रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं.

"रजिस्टर. आणि पोच पाहिजे. त्यांच्या सहीची."