नावाचा सण

पार्थेनाने मोलोसवर लिहिले ते थोडकेच होते. ‘मी अनेस्तिसची बायको. तुमच्यात बुकित्सा कंपनीच्या आतलं कुणीतरी आहे म्हणतात. असेल तर त्या माणसाने आमच्या वकिलाला फोन करावा. खाली नंबर देते. मला तुमचे बदाम नकोत.’

आणि त्या मजकुराखाली दिवसभरात शेकड्यांनी बदाम पडले होते. लाल, तुटलेले, धडधडणारे.

मोलोस हा थेस्सालोनिकी या ग्रीक शहरातल्या बोलक्या लोकांचा ऑनलाइन कट्टा. खरा मोलोस, म्हणजे बंदराचा जुना धक्का, संध्याकाळी जितका गजबजतो त्याहून हा अधिक गजबजलेला. इथे कंपन्यांची लबाडी, यंत्रांची बुद्धी, घरांची भाडी आणि सरकारचा नाकर्तेपणा यांवर सकाळपासून भांडणे चालत. कुणी कुणाला खऱ्या नावाने ओळखत नसे. पोलिक्सेनी मावरीदू इथे ‘अल्मिरा’ या नावाने लिही. अल्मिरा म्हणजे समुद्राच्या वाऱ्याने ओठांवर बसणारा खारटपणा. नाव तिने विचार करून घेतले होते आणि ते शोभेल असेच ती लिहीत असे.

जुलैतल्या एका दुपारी उन्हामुळे बाहेरची कामे बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम होता. बुकित्साने जेवण पोचवणे थांबवल्याचे जाहीर केले आणि ‘स्वेच्छेच्या खेपा’ असे गोंडस नाव देऊन चालूच ठेवले. शहराच्या वरच्या, जुन्या भागातल्या चढावर खेप घेऊन निघालेल्या अनेस्तिसला घेरी आली आणि तो मोटरसायकलसकट कोसळला. त्याचा पाय गेला. डोक्याला असा मार बसला की अजून त्याला साधे शब्द आठवत नाहीत, चमच्याला तो ‘ते’ म्हणतो. कंपनीचे म्हणणे, त्या वेळी तो कामावर नव्हताच, स्वतःच्या कामाने हिंडत होता. तो कामावर होता हे सिद्ध झाले तर त्याचे उपचार आणि निवृत्तिवेतन मार्गी लागणार होते. त्यासाठी त्या दुपारी आत बसलेले कुणीतरी स्वतःच्या नावानिशी बोलायला हवे होते.

पोलिक्सेनी त्या दुपारी आत बसलेली होती. खेपा करणाऱ्या पोरांच्या तक्रारींना उत्तरे देण्याचे काम तिचे.

अल्मिराने यावर पुष्कळ लिहिले होते, आतल्या माणसालाच ठाऊक असतील अशा तपशिलांसह. ‘माणूस पडला की यंत्र त्याला आधी यादीतून काढतं, मग रुग्णवाहिका बोलावतं,’ हे तिचे वाक्य तर लोकांनी उचलून जागोजागी चिकटवले. पार्थेनाच्या त्या मजकुरालाही तिने लांबलचक उत्तर दिले होते. मौनाच्या अपराधाविषयी. उत्तर टाकून झाल्यावर, आपल्याला किती बदाम पडले हे आपण वारंवार उघडून बघतो आहोत, हे तिच्या ध्यानात आले, आणि शिळ्या तेलाचा वास यावा तशी तिला शिसारी आली. वकिलाला मात्र तिने फोन केला नाही. घरभाडे होते, आईची औषधे होती, आणि बुकित्सा सोडली तर त्या गावात चाळिशीच्या बाईला कोण विचारत होते?

तेवीस सप्टेंबरला पोलिक्सेनीचा नामदिन, म्हणजे जिचे नाव तिला ठेवले त्या संत स्त्रीचा सण. वाढदिवस विसरला तर चालतो, पण आपल्या संताचा दिवस विसरून चालत नाही. सकाळी उठल्यापासून फोन थरथरत होता. मावश्या, जुन्या मैत्रिणी, दंतवैद्य, मोडलेल्या लग्नातली नणंद. ‘उदंड आयुष्य लाभो, पोली!’ ‘धन्यवाद, तुम्हीही सुखी राहा.’ बसमध्ये दांडीला धरून उभ्या उभ्या ती एकेकाला उत्तर देत सुटली होती. हे उत्तर अंगठा आपणहून देतो. शिंकणाऱ्याला ‘आरोग्य लाभो’ म्हणायला जसे ठरवावे लागत नाही, तसे. मधेच तिने मोलोस उघडले. तिथे एका म्हाताऱ्या सभासदाची रोजची रीत होती. भांडण कितीही पेटलेले असो, सकाळी तो लिहायचाच, ‘आज ज्यांचा सण त्यांना उदंड आयुष्य!’

‘धन्यवाद, तुम्हीही सुखी राहा,’ अल्मिराने लिहिले.

बस पुढच्या थांब्यावर पोचेपर्यंत तिला कळलेही नाही. कळले तेव्हा तिने ते झटकन पुसले. पण ‘कप्तान’ नावाने लिहिणारा, कंपन्यांची बाजू हिरीरीने मांडणारा तिचा जुना प्रतिस्पर्धी जागाच होता.

‘पुसू नका बाईसाहेब, मी फोटो काढून ठेवलाय,’ त्याने लिहिले होते. ‘आज सण दोघींचाच. क्सांथिप्पी आणि पोलिक्सेनी. आता सांगा मंडळी, बुकित्साच्या हापिसात पोलिक्सेनी किती?’

एकच होती.

ज्याचा सण त्याने इतरांचे तोंड गोड करायचे, म्हणून तिच्या हातात मिठाईचा खोका होता. सायीने भरलेले, पाकात भिजलेले त्रिकोण, पानोरामा या उपनगरातल्या प्रसिद्ध दुकानातले. खोका तिने उघडून टेबलावर ठेवला. सहकारी एकेक करून आले, त्रिकोण उचलून ‘उदंड आयुष्य’ पुटपुटले आणि तिच्या डोळ्यांत न बघता निघून गेले. फक्त शेजारच्या टेबलावरची फानी हळूच म्हणाली, “वेडी का खुळी तू? धन्यवाद कशाला म्हणायला गेलीस?”

“हात गेला गं.”

“हात! मला मारल्यावर माझा नवरा पण असंच म्हणायचा.”

मग विभागप्रमुख मिनास आला. गोरागोमटा, गुळगुळीत, सगळ्यांशी एकेरीत बोलणारा माणूस. त्याने सर्वांत मोठा त्रिकोण निवडला, अर्धा एका घासात कोंबला आणि भरल्या तोंडानेच हसला. साय त्याच्या हनुवटीवर ओघळली.

“उदंड जग, पोली! वा, काय साय आहे. आमची आई म्हणते, सणाच्या दिवशी कुणाला वाईट बोलू नये. म्हणून मी आज काही बोलणार नाही.”

“बोला की, मिनास.”

“अगं, नाही ना. उद्या. पण तू आज रात्रीपर्यंत एक छोटंसं लिहून टाक तिकडे तुमच्या कट्ट्यावर. की बुवा, ही अल्मिरा बुकित्सात कधीच नव्हती, सगळं ऐकीव, मनचं. दोन ओळी. तू तर किती छान लिहितेस! मी वाचतो ना नेहमी.” त्याने एकेक बोट चाटले. “मग उद्या मला बोलायला काही उरणारच नाही. तू आमची पोली, आम्ही तुझे.”

“आणि अनेस्तिस?”

“कोण?” त्याने खरोखरच क्षणभर आठवून पाहिले. “हं, तो. बिचारा. वाईट झालं.” आणि पाकाने चिकट झालेला हात त्याने तिच्या खांद्यावर ठेवून थोपटला.

त्या ओल्या स्पर्शाचा डाग तिच्या सदऱ्यावर दिवसभर राहिला. तिने तो स्वच्छतागृहात जाऊन धुतला, तरी कापड त्वचेला चिकटतच होते.

दुपारी तिने मोलोस उघडले. आपले लोक आपल्या बाजूने उभे राहिले असतील असे तिला कुठेतरी वाटत होते. तिथे तिचा फोटो लागला होता. चार वर्षांपूर्वीचा, समुद्रावरचा. तिच्या मांड्यांविषयी सविस्तर चर्चा झाली होती. ‘उघडा डोळा’ हा तिचा जुना चाहता, जो तिच्या प्रत्येक लेखाखाली ‘वाघीण!’ असे लिहायचा, त्याने आज लिहिले होते, ‘इतकी वर्षं त्यांचंच मीठ खाल्लं आणि आम्हाला नीती शिकवली. थू!’ दुसऱ्याला शंका होती की अल्मिरा हे माणूस नसून यंत्रच असावे, कारण एवढी नीटस वाक्ये माणूस लिहीत नाही. त्यावर वेगळा वाद जुंपला होता. कुणी तिच्या घराचा पत्ता शोधून लावला होता आणि ‘शांततेने निषेध करू या’ असे वर लिहिले होते. आणि सर्वांत वर, सर्वांत जास्त बदाम मिळवून, यंत्राकडून काढून घेतलेले एक चित्र होते: पंख लावलेला अनेस्तिस ढगांतून जेवण पोचवतो आहे. त्याच्या उजव्या हाताला सहा बोटे होती. ‘तुला विसरणार नाही, भावा,’ असे खाली लिहिले होते. अनेस्तिस जिवंत होता. बसने जाता येईल इतक्या अंतरावर खाटेवर पडून होता.

बुकित्साच्या मालकांत आणि या लोकांत फरक काय? तिच्या मनात आले. ते माणसाच्या पायावर जेवतात, हे त्याच्या दुखण्यावर तोंडाला चव आणतात. आणि मी? मी तर वाढपी होते. चांगली, शुद्ध भाषेची वाढपी.

संध्याकाळी घरी आईने, एव्लाम्बियाबाईंनी, चांदीचे तबक काढले होते. नामदिनाला आमंत्रण नसते. दार उघडे असते, ज्याला आठवण असेल तो येतो, आणि आलेल्याला ‘का आलात’ असे विचारत नाहीत. दोन मावश्या आणि खालच्या मजल्यावरचे जोडपे येऊन बसले होते. मोरावळ्यासारखा अंजिरांचा मुरंबा लहान बशांतून फिरत होता. मोलोसवर शेकडो लोक तिच्या पत्त्याखाली शपथा घेत होते. त्यांतले दारात कुणीही आले नव्हते.

घंटा वाजली. दारात एक ठेंगणी, काळ्या कपड्यांतली बाई उभी होती. हातात बिस्किटांचा डबा.

“उदंड आयुष्य लाभो,” ती म्हणाली.

“ये पोरी, ये, आत ये,” आई नेहमीच्या सवयीने म्हणाली. “बस. पाणी देऊ?”

ती मावश्यांच्या मध्ये बसली. थोरल्या मावशीने चष्मा सारखा केला. “कुणाची गं तू? ओळखलं नाही.”

“अनेस्तिसची बायको. पार्थेना.”

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ खाकरले. पोलिक्सेनीच्या हातात बशी होती, ती तशीच राहिली.

“पत्ता त्या कट्ट्यावर मिळाला,” पार्थेना म्हणाली. “दोन महिन्यांत तेवढी एकच कामाची गोष्ट केली त्यांनी.”

“मी तुम्हाला उत्तर लिहिलं होतं,” पोलिक्सेनी म्हणाली, आणि हे वाक्य तोंडाबाहेर पडताच तिला स्वतःचीच किळस आली.

“वाचलं मी. माझ्या धाकटीने वाचून दाखवलं. म्हणाली, आई, किती सुंदर लिहिलंय. मी म्हटलं, हो बाई, आता हे घेऊन तुझ्या बापाच्या पायाला बांधूया.”

धाकट्या मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली.

“मी भांडायला आले नाही,” पार्थेना म्हणाली. “सणाच्या दिवशी तुम्ही मला बाहेर काढू शकत नाही, म्हणून आज आले. एवढंच सांगा. त्या दुपारी तुम्ही तिथे होता का?”

“पोली,” आई मधेच म्हणाली, “कॉफी टाकतेस ना? बाईंना कॉफी दे.” तिच्या आवाजात काकुळती होती. घरभाडे तिलाही माहीत होते.

पोलिक्सेनीने बशी खाली ठेवली. मिनासला हव्या असलेल्या त्या दोन ओळी तिने बसमध्येच मनात जुळवून ठेवल्या होत्या. सहज जुळल्या होत्या. चांगल्या जुळल्या होत्या.

“होते,” ती म्हणाली. “त्याने मला लिहिलं होतं. गरगरतंय म्हणून. आमच्याकडे तयार उत्तरं असतात. ‘सावलीत थांबा, पाणी प्या, आपली खेप वेळेत पोचेल याची काळजी घ्या.’ ते मी पाठवलं. एक कळ दाबली की जातं ते. मग रस्त्यावरच्या कुणीतरी फोन केला, तुमचा माणूस पडलाय म्हणून. मिनास धावत आला. मला वाटलं रुग्णवाहिका बोलावतोय. तो माझ्या खांद्यावरून वाकला आणि त्याने माझ्या संगणकावर अनेस्तिसला कामावरून उतरवलं, म्हणजे तो आधीच घरी गेलाय असं दिसावं. त्याचा हात पोचत नव्हता.” ती थांबली. “म्हणून मी खुर्ची मागे घेतली. त्याला जागा करून दिली.”

पार्थेना तिच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, तिने शिव्या दिल्या नाहीत, ‘देव तुमचं भलं करो’ असेही म्हटले नाही. पोलिक्सेनीला यांपैकी काहीतरी हवे होते, आणि ते मिळणार नाही हे तिला समजले.

“हे तुम्ही लिहिलं नव्हतंत,” पार्थेना म्हणाली. “खुर्चीचं.”

“नाही.”

“तिथे सगळं यंत्राने केलं होतं.”

“हो.”

“वकील उशिरापर्यंत बसतात. आत्ता फोन लावला तर उचलतील.”

“अगं पण उद्या नोकरी…” थोरली मावशी बोलू लागली.

“फ्रोसो, तू गप्प बस,” आई अचानक म्हणाली, आणि पोलिक्सेनीकडे न बघता बशा गोळा करू लागली.

पोलिक्सेनीने फोन उचलला. मोलोसवरच्या सूचनांची रांग काचेवर सरकत होती. ती बोटाने बाजूला सारावी लागली, तेव्हा कुठे आकडे दाबता आले. पलीकडून एका थकलेल्या पुरुषाचा आवाज आला. त्याने नाव विचारले.

“पोलिक्सेनी मावरीदू.”

“वडिलांचं नाव?”

“इओर्दानिस.”

“बोला. कंपनीने त्या दिवशी नेमकं काय केलं?”

पार्थेना खुर्चीच्या काठावर आली होती. तिच्या गुडघ्यावरचा डबा अजून तसाच बांधलेला होता.

“ते सांगते,” पोलिक्सेनी म्हणाली. “पण आधी मी काय केलं, ते लिहून घ्या.”