वेगळं छप्पर

माझ्या सासऱ्यांनी मला घराबाहेर काढलं, आणि त्यांच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कुणी केली नाही. दौंडच्या गटात नवीन आलेल्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्या माझ्याकडे मी खुळी असल्यागत बघतात. बघू देत. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते दिवस आठवले की मी अजून हसते आणि हसता हसता डोळे पुसते.

आम्ही कवठे येमाईचे. ज्ञानूमामा, म्हणजे माझे सासरे, उभा जन्म मेंढरांमागे हिंडले. म्हातारपणी रान कसायला लागले, पण डोकं मेंढपाळाचंच राहिलं. माणसाला ताप आला तरी आधी कान चाचपून बघायचे. माझा नवरा म्हाळू कुरकुंभला कंपनीत शिफ्टला होता. खोकला लागला, वाळत गेला, आणि दौंडच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. तो गेला. मग माझी तपासणी झाली, मलाही निघाला. माझ्या पोरीला, राजनंदिनीला, नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले ते दुःखानं की जीव भांड्यात पडला म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? सुनेला माहेरी धाडा, असा सल्ला द्यायला माणसं घरी चालत यायची. मामा एकच बोलायचे, "सून हाय ती माझी. कुटं जायाची न्हाई."

आणि त्याच आठवड्यात त्यांनी रानाच्या कडेला बाभळीखाली माझ्यासाठी छप्पर घालायला घेतलं.

यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. कळपात देवीची साथ आली की आजारी मेंढरू वेगळं बांधायचं, त्याला आपल्या हातानं पाला घालायचा. मेंढरूही जगतं, कळपही जगतो. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, मग सुनेच्या बाबतीत वेगळं का करतील? कूड त्यांनी स्वतः लिंपला. भाकरी स्वतः आणून दाराशी ठेवायचे आणि चार हात लांब उभं राहून विचारायचे, "सुषमे, खाल्लीस का गं?" दुष्ट माणसाशी कडाकडा भांडता येतं. अशा माणसाशी कसं भांडायचं?

पण पोर माझ्याजवळ नव्हती. चूल वेगळी झाली, चालेल. ताट वेगळं झालं, तेही चालेल. राजनंदिनी मात्र घरात सासूबाईंच्या, सगुणाआत्यांच्या, कुशीत झोपायची आणि मी छपरात तिचं जुनं झबलं उशाला घेऊन पडायची. दिवसा ती बाभळीखाली उभी राहून माझ्याशी बोलायची. मी एक पाऊल पुढं टाकलं की ती दोन मागं जायची. तिच्या आबांनी, म्हणजे मामांनी, तिला बजावलं होतं, "आईपाशी गेलं की मानूस मरतंय."

गोळ्यांसाठी मी दौंडला जायची. शिरूर जवळ होतं, पण तिथं कुणीतरी ओळखलं तर? गंमत म्हणजे दौंडच्या बायका त्याच भीतीनं शिरूरला जायच्या. न्हावऱ्यात दोन्हीकडच्या एसट्या समोरासमोर थांबायच्या तेव्हा मला वाटायचं, आमची नि त्यांची भीती इथं एकमेकीला रामराम घालत असेल. घरी आम्ही 'गटाला चालले' एवढंच सांगायचो, लोक बचत गट समजायचे. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आमचा, एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांचा, गट बसायचा. कुणी पेरू आणायचं, कुणी शेंगा. गटाची प्रमुख साखरबाई स्वतः गोळ्या घेणारी, तोंडानं तिखट. ती एकेकीच्या सासूची नक्कल करायची आणि आम्ही पदर तोंडात धरून हसायचो. आता गट फोनवरही आहे, खुशाली रोज कळते. पण लिंबाखालचं ते हसू फोनवर येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एकदा मी तिथं पोरीसाठी रडायला लागले, तशी साखरबाई म्हणाली, "हितं रडून काय हुतंय? म्हाताऱ्याला घिऊन ये."

मामा आले. धुतलेलं धोतर, लाल पागोटं, हातात काठी. समुपदेशक साधना मॅडमसमोर जनावरांच्या डॉक्टरसमोर बसावं तसे सावध बसले.

"एका ताटात जेवलं तर हुतंय का?"

"नाही, आबा."

"हातरूण? कापडं?"

"नाही."

"पोरगी कुशीत निजली तर?"

"तरीही नाही."

मग मामांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "आन् गोचीड? आदी हिला चावली, मंग पोरीला चावली तर?"

मॅडमना हसू आवरेना. "डासाचं सगळे विचारतात. गोचिडीचं विचारणारे तुम्हीच पहिले! नाही आबा, तसंही होत नाही." मग त्यांनी नीट समजावलं. हा आजार असुरक्षित संबंधातून, बाधित रक्तातून किंवा सुईतून होतो, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला पोटात, जन्मताना किंवा अंगावर पाजताना होऊ शकतो. रोज गोळ्या घेतल्या की तो दबून राहतो.

"म्हंजी ह्ये देवीवानी न्हाई."

"नाही."

"मंग म्या हिला उगाच बांदली," मामा म्हणाले आणि पागोट्याच्या शेवानं डोळे टिपायला लागले.

साखरबाई कसली गप्प बसते! "बांदली तशी सोडा की आता!"

घरी येताच मामांनी पोरीला हाक मारली. "जा, आईकडं जा. माजं चुकलं हुतं." राजनंदिनी किंचाळून आत्यांच्या मागं लपली. मी हात पुढं केले तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले. त्या क्षणी मला सासऱ्यांचा पहिल्यांदा खराखुरा राग आला. "भ्या तुमीच घातलंत, आता काडायचं कुनी?" मी तोंडावर बोलले.

मामांना राग आला नाही. "पिल्लू आईला तुटलं की ढकलून चालत न्हाई," ते म्हणाले. "आपून जाऊन तिच्यापाशी बसायचं. पिल्लू बगत ऱ्हातंय, मंग आपसूक येतंय."

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी छपरात येऊन बसायला लागले. मी केलेली भाकरी माझ्याच ताटात, माझ्यासोबत जेवायचे. सुनेच्या ताटात सासरा जेवतो म्हणून बांधावरनं माणसं वाकून बघायची. मामा त्यांनाही "या जेवायला" म्हणायचे. राजनंदिनी बाभळीखाली उभी राहून आबांच्या प्रत्येक घासाकडे बघायची. मी तिला हाक मारायची नाही. जीव तुटायचा, पण मामांनी तशी ताकीदच दिली होती.

एक दिवस तिनं तिथूनच विचारलं, "आबा, तुमी कवा मरनार?"

"मरनार की," मामा म्हणाले. "म्हातारा हाय म्या. पन तुज्या आईच्या भाकरीनं न्हाई मरायचा."

ती पुष्कळ वेळ पायानं माती उकरत राहिली. मग आली. आबांना चिकटून बसली, माझ्या ताटातला चिमणीच्या घासाएवढा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे गच्च मिटून बसली. मी घास घेतला नाही, मामांनीही नाही.

मग तिनं एक डोळा उघडला.

"आये," ती म्हणाली, "मीठ कमी हाय."