फुग्यातला श्वास

हिरूच्या तोंडाला वास येत होता. आमचे हे रंगाच्या कारखान्यातून आले की त्यांच्या सदऱ्याला येतो तोच, थिनरचा.

"बापाचा डबा तोंडाला लावला असंल पोरीनं," सासूबाई म्हणाल्या. "तुझं लक्ष कुठं असतं गं?"

डबा माळ्यावर होता, झाकण घट्ट. तरी मी तो उतरवून पुन्हा बघितला. चार वर्षांची पोर माझी. हल्ली सारखी पाणी मागायची, अंथरूण ओलं करायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता. चौक गावच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, तेही उलटून पडलं.

"मोठ्या दवाखान्यात विचारतील, काय प्यायली? साजगावचा आमचा कारखाना वाटेतच हाय," हे म्हणाले. "आमच्या लॅबात वास तपासायचं यंत्र हाय. चल."

लॅबच्या साहेबांनी दोन फुगे आणले. एक मी फुगवला, एक हिरूनं. "आई, माझा बारका," म्हणाली आणि धापा टाकत माझ्या मानेत तोंड खुपसलं.

"तुमचा कशाला? फुग्याचा स्वतःचा वास कळावा, तो हिच्यातून वजा करता यावा म्हणून," साहेब म्हणाले.

यंत्राची सुई कागदावर डोंगर काढू लागली. साहेबांनी पूर्वी थिनर तपासलेला जुना कागद शेजारी ठेवला. त्यावर डोंगरांची रांग होती. माझ्या फुग्याच्या कागदावर नुसते उंचवटे. हिरूच्या कागदावर एकच डोंगर, उंच, थिनरच्या रांगेतल्या एकाशी अगदी जुळणारा.

"म्हंजे प्यायलीच!" हे खाली बसले.

"नाही रे. प्यायली असती तर बाकीचे डोंगरही दिसले असते. हा एकटाच आहे. ॲसिटोनचा, थिनरमध्ये असतं त्यातलंच एक."

डब्यातून आलं नव्हतं. मग कुठून? माझ्या कडेवरच्या या एवढ्याशा जिवातून?

"मधुमेहात अंगाला साखर वापरता येईनाशी झाली की हे अंगातच तयार होतं म्हणतात. मी डॉक्टर नाही. पण ताई, थांबू नका. हा कागद दाखवा तिथे."

कारखान्याचा टेंपो आम्हाला घेऊन मोठ्या दवाखान्याकडे निघाला. हिरू आता पाणीही मागेना. हाक मारली तर डोळे अर्धेच उघडायची.

"हिरू, झोपू नकोस गं बाय. फुगा फुगव. एकदाच."

ती ओठ हलवीना. मी नाक तिच्या तोंडाशी नेलं. सकाळपासून ज्या वासानं माझा जीव घाबरा केला होता, त्याचीच मी आता वाट बघत होते. आला. मग पुढच्या श्वासासाठी पुन्हा थांबले. टेंपो खड्ड्यात आदळला, आणि मी श्वास धरून बसले, तिचा यायची वाट बघत.